टर्मिनलला ‘शब्द’ कळतो का? एक बटण, तीन अर्थ आणि उडालेलं फोल्डर

शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरला हात लावू नये, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम. मी तो मोडला होता. जुने लॉग काढायचे होते, म्हणून कमांड लिहिली: ‘आरएम -आर लॉग्स/२०२३ बिल्ड/कॅश’. (कमांड आणि फाइलींची नावं मी इथे नागरीत लिहितोय, टाइप करताना ती अर्थातच रोमन असतात.) एंटर दाबणार तेवढ्यात वाटलं, कॅश राहू दे आज, सोमवारी बघू. म्हणून शेवटचा शब्द खोडायला ऑल्ट+बॅकस्पेस एकदा दाबलं आणि लगेच एंटर.

माझ्या लॅपटॉपवर त्या एका दाबण्यात ‘बिल्ड/कॅश’ हे सगळंच गेलं असतं. सर्व्हरवर मात्र फक्त ‘कॅश’ गेलं. उरलं काय? ‘आरएम -आर लॉग्स/२०२३ बिल्ड/’. म्हणजे जे फोल्डर मला वाचवायचं होतं, त्याच्यासकट त्याचं अख्खं घरच मी पाडलं. साइट त्याच फोल्डरमधून चालत होती. पुन्हा बिल्ड होईपर्यंत साधारण पाऊण तास सगळं बंद.

टीम लीड ओरडले नाहीत. फक्त विचारलं, ‘एंटरच्या आधी ओळ वाचली होतीस का?’ नव्हती वाचली. चूक माझीच. पण त्या रात्री एक प्रश्न डोक्यात राहिला: एकच बटण दोन मशीनवर दोन वेगळ्या गोष्टी का खोडतं? ‘शब्द’ कुठे संपतो हे ठरवतं कोण?

हा विषय आत्ताच का?

तुम्ही म्हणाल, आम्ही फोन वापरणारी माणसं, आम्हाला टर्मिनलचं काय. पण गेल्या काही काळात टर्मिनलच आपल्याकडे चालत आलंय. मार्च २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल फोनवर लिनक्स टर्मिनल द्यायला सुरुवात केली. डेव्हलपर ऑप्शन्समधून ते चालू केलं, की फोनच्या आत एका व्हर्च्युअल मशीनमध्ये खरंखुरं डेबियन लिनक्स सुरू होतं. टर्मक्स हे ॲप तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ते पिक्सेलच काय, साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतं. लॅपटॉप परवडत नाही म्हणून फोनवर टर्मक्समध्ये पायथन शिकणारी मुलं मला दर महिन्याला मेसेज करतात.

दुसरं कारण एआय. २०२५ मध्येच क्लॉड कोड, ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय आणि गूगलचं जेमिनाय सीएलआय ही तिन्ही साधनं आली, आणि तिन्ही टर्मिनलमध्ये चालतात. आधी टर्मिनलमध्ये आपण पाच-सात शब्दांची कमांड लिहायचो. आता परिच्छेदच्या परिच्छेद लिहितो: ‘हे फंक्शन बदल, ते तसंच ठेव, टेस्ट चालव’. काही जण हे मराठीत लिहितात. जास्त लिहिलं की जास्त खोडावं लागतं. म्हणजे ‘शब्द खोडा’ हे बटण पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा दाबलं जातंय, आणि त्या बटणाचा अर्थ अजूनही ठरलेला नाही.

आधी थोडा इतिहास

सुरुवातीच्या युनिक्सला स्क्रीनच नव्हता. टेलिटाइप नावाचं यंत्र कागदावर छापायचं. छापलेलं अक्षर पुसणार कसं? म्हणून ठरवलं होतं, की ‘#’ टाइप केलं तर आधीचं एक अक्षर रद्द समजायचं आणि ‘@’ टाइप केलं तर पूर्ण ओळ रद्द. शब्द खोडायची सोय बर्कलीच्या बीएसडी युनिक्समध्ये टर्मिनल ड्रायव्हरलाच जोडली गेली: कंट्रोल+डब्ल्यू. तिची समज साधी होती. मागे जा, मोकळी जागा दिसेपर्यंत खोड.

दुसरी परंपरा इमॅक्स या एडिटरची. तिथे ऑल्ट+बॅकस्पेस दाबलं की शब्द जातो, पण ‘शब्द’ म्हणजे फक्त अक्षरं आणि आकडे. मध्ये ‘/’ किंवा ‘-’ आलं की शब्द संपला.

१९८९ मध्ये ब्रायन फॉक्सने बॅश हा शेल लिहिला. बॅशमध्ये ओळ संपादित करायचं काम रीडलाइन नावाची लायब्ररी करते, आणि तिने या दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी ठेवल्या. म्हणजे बॅशमध्ये कंट्रोल+डब्ल्यू मोकळ्या जागेपर्यंत खोडतं आणि ऑल्ट+बॅकस्पेस फक्त अक्षर-आकड्यांचा तुकडा.

१९९० मध्ये प्रिन्स्टनला शिकत असलेल्या पॉल फाल्स्टॅडने झी-शेल लिहिला. ॲपलने २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर तोच डिफॉल्ट केला, म्हणून आज तो इतका पसरलाय. झी-शेलने तिसरा मार्ग धरला. त्यात ‘वर्डचार्स’ नावाची एक यादी असते: अक्षर-आकड्यांशिवाय आणखी कुठली चिन्हं शब्दाचा भाग मानायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. मूळ यादीत ‘/’, ‘-’, ‘_’, ‘.’ हे सगळे आहेत. आणि कंट्रोल+डब्ल्यू असो की ऑल्ट+बॅकस्पेस, दोन्ही बटणं हीच यादी वापरतात.

एकच ओळ, वेगवेगळे निकाल

समजा ओळ अशी आहे आणि कर्सर शेवटी आहे:

सीपी डाउनलोड्स/लग्न-फोटो/हळद.जेपीजी

• बॅशमध्ये कंट्रोल+डब्ल्यू: पूर्ण पत्ता गेला, उरलं फक्त ‘सीपी’.
• बॅशमध्ये ऑल्ट+बॅकस्पेस: फक्त ‘जेपीजी’ गेलं, ‘हळद.’ पर्यंतचं सगळं शिल्लक.
• झी-शेलमध्ये दोन्हींपैकी काहीही: पूर्ण पत्ता गेला.
• फिश शेलमध्ये कंट्रोल+डब्ल्यू: ‘हळद.जेपीजी’ गेलं, ‘लग्न-फोटो/’ पर्यंतचं शिल्लक. फिशच्या मते या बटणाचं काम म्हणजे पत्त्याचा एक टप्पा खोडणं.

आता फोल्डरच्या नावातच मोकळी जागा आहे असं धरा, आणि तुम्ही ते अवतरणचिन्हांत लिहिलंय: "लग्न फोटो". बॅशचं कंट्रोल+डब्ल्यू अवतरणचिन्हं बघतच नाही. ते ‘फोटो"’ खोडेल आणि उघडं अवतरणचिन्ह तसंच लटकत ठेवेल.

आणि ब्राउझरमध्ये उघडलेल्या टर्मिनलची गंमत तर वेगळीच. क्लाउडवाले किंवा ऑनलाइन कोर्सवाले असं टर्मिनल देतात. विंडोज किंवा लिनक्सवर तिथे कंट्रोल+डब्ल्यू दाबलं, की शब्द जात नाही, अख्खा टॅब बंद होतो. सवयीचा माणूस हा धडा एकदा तरी शिकतोच.

माझ्या शुक्रवारचं कोडं इथे सुटतं. लॅपटॉपवर झी-शेल, सर्व्हरवर बॅश. बोट तेच, बटण तेच, शब्दाची व्याख्या वेगळी.

उपाय आहेत, पण कपाटात

सगळ्यात विचारपूर्वक काम झी-शेलमध्ये झालंय. त्याच्यासोबत फंक्शन्सचा एक संच येतो. त्यातलं ‘सिलेक्ट-वर्ड-स्टाइल’ हे फंक्शन चालू केलं, की शब्दाची व्याख्या आपण निवडू शकतो. ‘बॅश’ निवडलं तर फक्त अक्षर-आकडे. ‘व्हाइटस्पेस’ निवडलं तर मोकळ्या जागेपर्यंत. ‘शेल’ निवडलं तर कमांडला मिळणारा पूर्ण घटक, म्हणजे अवतरणचिन्हांतलं "लग्न फोटो" एकच शब्द मानलं जातं.

याच्या मागे ‘मॅच-वर्ड्स-बाय-स्टाइल’ नावाचं फंक्शन काम करतं. ते फक्त एक शब्द शोधत नाही, कर्सरच्या आसपासची ओळ तुकड्यांत फोडतं: शब्दाच्या आधीचं, शब्दाचा कर्सरमागचा भाग, कर्सरपुढचा भाग, मधली मोकळी जागा, नंतरचं. एकदा असे तुकडे हातात आले, की खोडायचं, अदलाबदल करायची, कॅपिटल करायचं, काहीही सोपं होतं. संदर्भ बघून व्याख्या बदलायचीही सोय आहे. उदाहरणार्थ, शब्दात ‘/’ असेल तर तो फाइलचा पत्ता समजून वेगळं वागायचं, असं सांगता येतं.

याच संचात ‘डिलीट-होल-वर्ड-मॅच’ आहे. नेहमीचं बटण कर्सरच्या मागचा भाग खोडतं. कर्सर शब्दाच्या मध्यावर असेल तर पुढचं अर्धं शेपूट तसंच राहतं. हे फंक्शन कर्सर ज्या शब्दावर आहे तो आख्खा शब्द काढतं. फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांना याचं महत्त्व लगेच कळेल, कारण बोटाने कर्सर नेमका शब्दाच्या शेवटी नेणं म्हणजे सुईत दोरा ओवणं.

बॅशमध्येही ‘शेल-बॅकवर्ड-किल-वर्ड’ नावाची कमांड आहे, तिला अवतरणचिन्हं कळतात. पण मूळ सेटिंगमध्ये ती कुठल्याच बटणाला जोडलेली नाही. दुकानात माल आहे, पण शोकेसमध्ये नाही, अशी अवस्था.

मग डिफॉल्ट का बदलत नाहीत?

कारण बोटांची सवय. जगभरातले लोक तीस-चाळीस वर्षं ही बटणं दाबत आलेत. उद्या बॅशने कंट्रोल+डब्ल्यूचा अर्थ बदलला, तर माझ्यासारखे शुक्रवारचे अपघात हजारो ठिकाणी होतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिशची ४.० आवृत्ती आली, त्यात सगळा कोड सी++ मधून रस्टमध्ये नेला गेला. जुलै २०२५ मध्ये बॅश ५.३ आला. म्हणजे ही साधनं जिवंत आहेत, त्यांच्यावर काम होतंय. तरी जुनी बटणं बदलताना सगळे हात आखडता घेतात, आणि ते मला पटतं.

पण एक गोष्ट पटत नाही. ‘कमी खोडणं म्हणजे सुरक्षित’ असं सरसकट मानलं जातं. माझा अनुभव उलट आहे. जास्त खोडलं गेलं तर ते डोळ्यांना दिसतं, आणि परतही आणता येतं: या सगळ्या शेलमध्ये शब्द खोडल्यावर तो फेकला जात नाही, बाजूला ठेवला जातो, आणि कंट्रोल+वाय दाबलं की परत येतो. कमी खोडलं गेलं तर मागे एक तुकडा उरतो, आणि कमांडमध्ये उरलेल्या तुकड्याला स्वतःचा अर्थ असतो. ‘बिल्ड/कॅश’ मधून ‘कॅश’ गेलं तरी ‘बिल्ड/’ ही पूर्ण, वैध आणि जास्त धोकादायक आज्ञा आहे. मराठी वाक्यातला शब्द अर्धा खोडला तर वाचणारा हसेल. कमांडमधला अर्धा खोडला तर मशीन हसत नाही, काम करून मोकळं होतं.

म्हणून माझ्या मते दोन बटणं हवीत आणि त्यांची कामं सगळीकडे सारखी हवीत. एक, पूर्ण घटक काढणारं, अवतरणचिन्हं समजणारं. दुसरं, पत्त्याचा एकच टप्पा काढणारं. जुन्या शेलना हे जमणार नाही. पण एआय साधनं आपला लिहायचा चौकोन नव्यानेच बांधतायत, त्यांच्यावर जुन्या सवयींचं ओझं तितकं नाही. त्यांनी प्रत्येकाने चौथी-पाचवी व्याख्या शोधून काढण्याऐवजी हे दोन अर्थ ठरवून घेतले, तर बरंच भलं होईल.

आणि मराठीचं काय?

इथपर्यंत आपण रोमन अक्षरांबद्दल बोललो. खरी मजा नागरीत आहे.

‘शब्द म्हणजे अक्षरं आणि आकडे’ ही व्याख्या इंग्रजीला पुरते. पण युनिकोडच्या दृष्टीने काना, वेलांटी, उकार आणि पायमोडक्याची खूण ही ‘अक्षरं’ नाहीत, ती ‘चिन्हं’ या वेगळ्या गटात येतात. याचा परिणाम आत्ता बघता येतो. पायथनच्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरून ‘मराठी’ या शब्दातले शब्द शोधा. उत्तर येतं ‘मर’ आणि ‘ठ’. ‘पुस्तक’ टाकलंत तर ‘प’, ‘स’, ‘तक’. एका शब्दाचे तीन तुकडे, आणि उकार-पायमोडकी बेपत्ता.

युनिकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दलच्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट म्हटलंय, की शब्दात ही चिन्हंही धरावीत. पर्ल ते पाळतं. पायथनचं मूळ मॉड्यूल पाळत नाही. आणि कुठल्याही ॲपमध्ये ‘शब्द शोधा’, ‘शब्द निवडा’, ‘शब्द खोडा’ हे जर अशा व्याख्येवर बांधलं असेल, तर मराठी लिहिणाऱ्याचा शब्द मधूनच तुटतो.

एका अक्षराचं गणितही असंच आहे. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणकासाठी ते चार भाग आहेत: क, पायमोडकी, ष, वेलांटी. जुन्या युनिकोड नियमांप्रमाणे याची दोन अक्षरं धरली जायची, ‘क्’ आणि ‘षि’. सप्टेंबर २०२३ मधल्या युनिकोड १५.१ ने नियम सुधारला आणि नागरीसह काही भारतीय लिप्यांतलं जोडाक्षर एकसंध धरायला सांगितलं. नियम बदलला तरी प्रत्येक टर्मिनल, प्रत्येक लायब्ररी तो उचलेपर्यंत वेळ जातोच. तोवर टर्मिनल समजतं की अक्षराने दोन घरं व्यापली, प्रोग्राम समजतो तीन, आणि कर्सर भलतीकडेच लुकलुकत राहतो.

शब्द जुळवण्यातला आपला खास मराठी घोटाळा म्हणजे ‘दुसऱ्या’. यातला ‘ऱ्या’ किमान दोन प्रकारे टाइप होतो: एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साधा ‘र’, पायमोडकी आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला दोन्ही सारखे. शोधताना मात्र एकाने दुसरा सापडत नाही, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी हा फरक मिटत नाही.

एक गोष्ट मात्र उलटीही सांगायला हवी. बॅकस्पेसने ‘क्षि’ मधली फक्त वेलांटी जावी, हे आपल्या सोयीचंच आहे. चुकून पहिली वेलांटी दिली तर पूर्ण जोडाक्षर पुन्हा कोण लिहीत बसणार? म्हणजे एक टप्पा खोडताना बारीक तुकडा हवा, शब्द खोडताना मात्र पूर्ण शब्द हवा. वर कमांडबद्दल जे म्हटलं, तेच इथेही लागू पडतं.

तुम्ही आज काय कराल?

१. आपला शेल कुठला ते बघा. ‘एको’ लिहा, मोकळी जागा सोडून डॉलर चिन्ह आणि शून्य लिहा, एंटर. बॅश किंवा झी-शेल असेल तर नाव येईल.

२. नवीन मशीनवर बसलात की आधी ‘एको’ ने सुरू होणारी एक निरुपद्रवी ओळ लिहा, तिच्यात ‘/’ आणि ‘-’ असलेला एक पत्ता टाका, आणि दोन्ही बटणं दाबून बघा. दहा सेकंदांचं काम.

३. जास्त खोडलं गेलं तर घाबरू नका, कंट्रोल+वाय. सलग चार वेळा खोडलेलंही एकत्र परत येतं.

४. टर्मक्समध्ये कीबोर्डच्या वरच्या पट्टीत कंट्रोल आणि ऑल्ट असतात. ऑल्ट चालत नसेल तर एस्केप दाबून मग बॅकस्पेस दाबा, परिणाम तोच.

५. झी-शेल असेल तर ‘सिलेक्ट-वर्ड-स्टाइल’ एकदा चालवून बघा. पण रोज बॅशच्या सर्व्हरवर काम असेल, तर लॅपटॉपची सवय सर्व्हरसारखीच ठेवा. दोन सवयी बाळगण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

६. ‘आरएम’ लिहायच्या आधी तीच ओळ ‘एलएस’ लावून चालवा. काय उडणार आहे ते आधी दिसेल.

७. स्वतः ॲप लिहीत असाल तर मराठीसाठी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वर विसंबू नका. ब्राउझरमध्ये ‘इंटल.सेगमेंटर’ आहे. एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये ते आलं आणि तेव्हापासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत मिळतं. पायथनमध्ये ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज आहे, ते मात्रा धरतं.

आठवी गोष्ट क्रमांकाशिवाय सांगतो. हे सगळे शेल मुक्त स्रोत आहेत आणि ते सांभाळणारी माणसं मोजकी आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ‘दुसऱ्या’ हा शब्द कधी टाइप केलेला नसणार. त्यांच्या शेलमध्ये मराठी शब्द मधूनच तुटताना दिसला, तर कुठली आवृत्ती, काय टाइप केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढ्या चार ओळी लिहून कळवा. हे त्यांना आपल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

त्या शुक्रवारनंतर मी झी-शेलची सेटिंग बदलून बॅशसारखी केली. आणि एंटरच्या आधी ओळ वाचतो. मोठ्याने. शेजारच्या टेबलवरचे हसतात, हसू देत.